हॉट कोटवर परत परत भोकं पडतायत? आधी भोक बघा, मग पेपर उचला

घरी सर्फबोर्ड बनवणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. थर्माकोलचा ब्लँक, म्हणजे बोर्डचा मूळ ठोकळा, कापून होतो, शेप बऱ्यापैकी जमतो, वर फायबरग्लासचं कापड बसतं, ते रेझिनमध्ये भिजवून चिकटवलं की लॅमिनेशन मस्त पारदर्शक दिसतं, आणि मग हॉट कोट, म्हणजे कापडाची वीण बुजवणारा रेझिनचा वरचा थर, मारून दार ओढून घ्यायचं आणि सकाळी बघावं तर अख्ख्या डेकवर, बोर्डच्या वरच्या बाजूवर, बारीक बारीक खड्डे. मग घासायचं, वरून अजून एक कोट मारायचा, दुसऱ्या दिवशी परत तेच. असे एकावर एक कोट चढलेले बोर्ड मी बघितलेत, भोकं तशीच आणि वजन मात्र इतकं वाढलेलं की बोर्ड काखेत धरून पुळणीवर चालायचा कंटाळा यावा.

वरून कोट मारून भोक बुजत नाही. ते कुठून आलंय हे कळलं तरच बुजतं, आणि ते कळायला घासायच्या आधी बघावं लागतं, कारण एकदा ८० नंबरचा सँडपेपर फिरला की सगळी भोकं सारखीच दिसतात.

मी फक्त ईपीएस (मण्यांचा) थर्माकोल आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या इपॉक्सी रेझिनबद्दल बोलतोय, कारण कोकणात, गोव्यात घरी बनवणाऱ्याला तेच मिळतं. इंटरनेटवरचे जुने धडे बघून इथे काम करायला गेलं की घोळ होतो, त्यामागे एक कारण आहे. कॅलिफोर्नियाच्या क्लार्क फोमने ५ डिसेंबर २००५ ला अचानक कारखाना बंद केला, तोपर्यंत अमेरिकेतले बहुतेक बोर्ड त्यांच्या पॉलियुरेथेन ब्लँकवर आणि पॉलिस्टर रेझिनमध्ये बनायचे. ईपीएस आणि इपॉक्सी आधीपासून होतंच पण जोर धरला तो त्यानंतर. म्हणजे जुन्या मंडळींचे जे ठोकताळे आहेत ते दुसऱ्या फोमचे, दुसऱ्या रेझिनचे आणि दुसऱ्या हवेचे. आणि आपल्याकडे फायबरच्या होड्या बनवणारे जे कारागीर आहेत, ज्यांच्याकडून आपण कापड-रेझिन आणतो, त्यांचा हात सुद्धा पॉलिस्टरवर बसलेला असतो. त्यांचं काम उत्तमच असतं, पण त्यांचं होडीचं रेझिन थर्माकोलवर ओतू नका, त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं, डोळ्यादेखत खड्डा पडतो.

आता भोकांकडे येऊ. बोर्ड आडवा ठेवा, एका बाजूने टॉर्च मारा आणि डोळा पृष्ठभागाच्या लेव्हलला आणून बघा.

उथळ, गोल, कडेला रेझिन किंचित जाड होऊन मागे सरकल्यासारखं आणि मध्ये तळाशी कापडाची वीण दिसतेय, असा खड्डा असेल तर तो फिशआय. रेझिनला ती जागा धरताच आलेली नाही, म्हणजे तिथे तेल, मेण, सिलिकॉन असं काहीतरी होतं. हे बहुतेक वेळा झुंडीने येतात, जिथे हात लागला, घाम पडला, फडकं फिरलं तिथे.

टाचणीच्या टोकाएवढं, सरळ खाली गेलेलं, कधी वर फुटलेल्या बुडबुड्याची कड असलेलं भोक म्हणजे पिनहोल. हे आतून आलेलं असतं. थर्माकोलच्या मण्यांमधली हवा गरम झाली, फुगली आणि रेझिनमधून बाहेर पडली. ह्याची खूण म्हणजे प्रत्येक कोटला ते त्याच जागी परत येतं. पेन्सिलने गोल करून ठेवा आणि फोटो काढा, लगेच कळेल.

आणि तिसरा प्रकार, भोक नाहीच किंवा थोडीच आहेत पण वरून मेणचट, ओशट लागतंय, कुठे पांढुरका ढगाळपणा आहे, पेपर मारला तर पेपर दोन मिनिटांत भरून जातो. हा ब्लश. आणि गंमत अशी की हा न धुता त्यावर कोट मारला की पुढच्या कोटमध्ये फिशआय येतात, मग माणूस तेल शोधत बसतो आणि तेल कुठेच नसतं.

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त त्रास ब्लशचा आणि पिनहोलचा, आणि त्या दोघांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात, खरी मेख तिथे आहे.

पिनहोलचं गणित असं. तापमान चढत असेल तर आतली हवा फुगून बाहेर येणार, तापमान उतरत असेल तर आतली हवा आकसणार आणि रेझिन उलट आत ओढलं जाणार. म्हणून लॅमिनेशन नेहमी उतरत्या तापमानात. आपल्याकडे लोक काय करतात, ऊन व्हायच्या आत उरकू म्हणून सकाळी सातला सुरुवात करतात, रात्रभर गार झालेला ब्लँक घेतात, आणि रेझिन अजून ओलं असतानाच दहा-अकराला मांगराचे (शेडचे) पत्रे तापायला लागतात. ह्यापेक्षा वाईट वेळ नाही. संध्याकाळ धरा.

पण संध्याकाळ धरली की दव. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाइन नावाचं रसायन असतं, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा ह्यांच्याशी मिळून पृष्ठभागावर तो मेणचट थर बनवतं. रेझिन जितका वेळ ओलं आणि हवा जितकी दमट आणि गार तितका थर जाड. पेंटवाले एक साधा नियम पाळतात, पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा पाणी होऊन धरतो त्यापेक्षा, किमान ३ अंश वर पाहिजे. आता हिशोब करा, पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू येतो २७ च्या आसपास, म्हणजे जेमतेम ३ अंशाचं अंतर, आणि संध्याकाळी तापमान जरा उतरलं की तेही गेलं. हिवाळ्यातल्या दुपारी ३२ अंश आणि ५५ टक्के असेल तर दवबिंदू २२ च्या खाली, १० अंशांची मोकळीक. तीनचारशे रुपयांचं तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते घ्याच. दवबिंदूचं कोष्टक फोनवर कुठेही सापडतं.

त्यामुळे माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि सगळ्यात चांगली वेळ दुपारी साडेतीनच्या पुढे, पारा उतरायला लागला की. कापड आधी कापून, बसवून तयार ठेवायचं. साडेतीन-चारला लॅमिनेशन, आणि दव पडायच्या आत ते घट्ट झालेलं पाहिजे. अंधार पडला की खिडक्या-दारं बंद. वरून प्लॅस्टिकचा तंबू केला तरी चालेल, फक्त ते बोर्डला टेकायला नको.

पावसाळ्यातच करायचंय, थांबायची तयारी नाही, तर मोकळी पडवी सोडा आणि एक लहान बंद खोली घ्या. जुने पिवळे बल्ब किंवा हॅलोजन लावून खोली आणि ब्लँक दोन्ही तीन-चार तास गरम करा. बाहेर २६ अंश आणि ९२ टक्के असेल तर तीच हवा ३२ अंशाला नेली की आर्द्रता ६५ च्या आसपास येते, हवेतलं पाणी तेवढंच राहतं पण दवबिंदूपासून लांब जातो. मग रेझिन ओतायच्या आधी अर्धे बल्ब बंद करा म्हणजे तापमान हळूहळू उतरत राहील, आणि बाकीचे रेझिन घट्ट होईपर्यंत चालू ठेवा. एका दगडात दोन्ही कामं. दिवे बोर्डच्या जवळ नकोत, थर्माकोल ८०-९० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतो आणि हॅलोजनच्या समोर तेवढं तापायला वेळ लागत नाही.

खोली गरम करायला चूल, शेगडी, गॅस अजिबात वापरू नका. गॅस जळताना पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही बाहेर पडतं, म्हणजे ब्लशला जे जे लागतं ते सगळं आपणच पुरवतो. शिवाय बंद खोलीत जीवाला धोका, आणि ॲसिटोनची बाटली शेजारी असेल तर विचारूच नका.

एसीची खोली असेल तर ड्राय मोड चांगला, पण रेझिन घट्ट व्हायच्या आत एसी बंद केला तर खोली तापायला लागते आणि पिनहोल येतात. आणि एसीतला गार बोर्ड लगेच बाहेर आणला तर त्यावर पाणी धरतं. जिथे सुरू केलं तिथेच पूर्ण करा.

आता मुळावर घाव घालायचा तर पिनहोल लॅमिनेशनच्या आधी, उघड्या फोमवर थांबवायचे. पॅकिंगचा थर्माकोल वापरू नका, त्याचे मणी मोठे आणि मध्ये फटी. घनता सांगून मागवा, २४ किंवा ३२ किलो प्रति घनमीटर, ब्लॉक कापून देणारे मोठ्या शहरात असतात. शेप झाल्यावर इपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पावडर) घालून घावनाच्या पिठापेक्षा जरा घट्ट असं मिश्रण करा आणि प्लॅस्टिकच्या स्क्वीजीने (रेझिन ओढायच्या चपट्या पट्टीने) दाबून सगळ्या ब्लँकवर ओढा, फटीत बसेल तेवढंच राहू द्या, वर थर नको. भिंतीची पुट्टी काही जण लावतात, पण ती ठिसूळ आणि जड, ओल शोषते, आणि कापड फोमला न चिकटता पुट्टीला चिकटतं. मी ती लावू नका असंच सांगेन.

कापड बसवताना दुसरी गोष्ट होते ती म्हणजे स्क्वीजी जास्त दाबणं. बोर्ड हलका झाला पाहिजे म्हणून रेझिन ओढून ओढून काढतात आणि वीण कोरडी पडते. ओलं असताना दिसत नाही, वाळल्यावर पांढुरक्या चट्ट्यांत दिसतं, आणि त्या विणीतून हवेला सरळ रस्ता मिळतो. हाताने केलेल्या कामात कापडाच्या वजनाएवढं रेझिन त्यात राहिलं पाहिजे, म्हणजे २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) एक चौरस मीटर कापड असेल तर साधारण २०० ग्रॅम, वर वाया जाणारं वेगळं. विणीचा पोत दिसावा पण चकाकणारी डबकी नकोत.

आणि हॉट कोटसाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. लॅमिनेशनला हातमोज्याचं बोट लावलं की ठसा उमटतो पण रेझिन बोटाला येत नाही, त्या अवस्थेत हॉट कोट मारला तर दोन थर रासायनिकरीत्या जोडले जातात, मध्ये घासणं नाही, ब्लश जमायला वेळ नाही, हात लागून तेल यायला वाव नाही. एवढी एक सवय लावली तरी निम्म्या तक्रारी कमी होतात.

फिशआय येत असतील तर घरातल्या सवयी तपासा. आपल्याकडे पहिला संशयित खोबरेल तेल. डोक्याला लावलेलं, हाताला लागलेलं, घामाबरोबर कपाळावरून बोर्डवर पडलेलं. शेजारी स्वयंपाकघर असेल आणि मासे तळले जात असतील तर तेलाची वाफ उडत येऊन बसते, डोळ्याला दिसत नाही. डासांचा स्प्रे, गाडी चमकवायचं सिलिकॉन पॉलिश, जुन्या बोर्डवरचं सर्फ वॅक्स, कपडे मऊ करणारं लिक्विड वापरून धुतलेले जुने टी-शर्ट पुसायला घेणं, मेण लावलेल्या कागदी कपात रेझिन मिसळणं, हे सगळे नेहमीचे. पेंटच्या दुकानातलं स्वस्त थिनर पण बघून घ्या, स्वच्छ काचेवर दोन थेंब टाका आणि उडून जाऊ द्या, मागे ओशट डाग राहिला तर तेच तुम्ही बोर्डभर पसरवताय.

साफ करायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग पेपर. ब्लश पाण्यात विरघळतो, थिनरने नुसता पसरतो. साधं स्वच्छ पाणी आणि भांडी घासायची नवीन हिरवी घासणी, साबण नको, गोल गोल घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पांढऱ्या टिश्यूने पुसून पूर्ण कोरडं करा. मग ८० किंवा १०० नंबरने चमक जाईपर्यंत घासा. फिशआयच्या खड्ड्याच्या तळाशी सुद्धा चमक राहायला नको, मोठा पेपर तिथे पोचत नाही, पेपरची घडी करून बोटाने घासावं लागतं, कंटाळवाणं आहे पण तिथे चमक राहिली तर तो खड्डा परत उघडणार. धूळ काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एका दिशेने पुसा, प्रत्येक पट्ट्याला टिश्यूची नवी बाजू. यापुढे उघडा हात लावायचा नाही.

खात्री करायला वरून पाणी शिंपडा. पाणी सलग चादर धरून पसरलं तर जागा स्वच्छ, थेंब थेंब होऊन मागे सरकलं तर अजून काहीतरी आहे, परत धुवा. ही चाचणी फुकट आहे आणि मला तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. नंतर बोर्ड नीट वाळू द्या.

पिनहोल असतील तर घासून-पुसून झाल्यावर सरळ कोट मारू नका. थोडं इपॉक्सी, त्यात सिलिका पावडर घालून जरा घट्ट करा आणि स्क्वीजीने भोकांवरून आडवं-उभं दाबून ओढा, वर काही राहू देऊ नका. संध्याकाळीच करा म्हणजे हवा आकसताना ते आत ओढलं जाईल. ते चिकट-घट्ट झालं की त्यावर पातळ हॉट कोट. जाड कोट मारून भोक भरेल हा भ्रम आहे, जाड थरात उष्णता जास्त तयार होते, आतली हवा अजून फुगते आणि बुडबुडा अजून मोठा येतो.

मऊ, चिकट चट्टे आठवडाभर तसेच असतील आणि पाण्याने धुवूनही जात नसतील तर तो ब्लश नाही, मिश्रण चुकलंय. पॉलिस्टरमध्ये कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक-दोन टक्के असतं, थोडं जास्त घातलं की लवकर वाळतं, होडीवाल्यांना ती सवय असते आणि तोच सल्ला ते प्रेमाने देतात. इपॉक्सीत ते चालत नाही. इथे हार्डनर रेझिनच्या प्रत्येक कणाला जोडीदार म्हणून लागतो, जास्त झाला तर उरलेला तसाच मऊ राहतो. प्रमाण मापाने आहे की वजनाने हे डब्याच्या कागदावर बघा, हार्डनर हलका असतो, मापाने २ ला १ असेल तर वजनाने १०० ला साधारण ४० ते ४५ च होतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत मिसळा, मग सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओतून परत मिसळा, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं आणि ओतताना शेवटी तेच बोर्डवर पडतं, चट्टे नेमके तिथेच येतात. उन्हाळ्यात तापमान १० अंशांनी वाढलं की हातातला वेळ जवळजवळ निम्मा होतो, तर स्लो हार्डनर घ्या आणि मिसळल्यावर उथळ ट्रेमध्ये ओता, कपात ठेवलं तर धूर येईपर्यंत तापतं. चुकीच्या प्रमाणाचा चट्टा कितीही उन्हात ठेवला तरी वाळणार नाही. खरवडून काढा, ॲसिटोनने पुसा, घासा, नव्याने भरा. दुसरा इलाज नाही.

हातमोजे नायट्राइलचे, बिनपावडरचे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की आयुष्यभर राहते, पुढे नुसत्या वासाने पण अंग उठतं, म्हणून त्वचेला लागलं तर थिनर न लावता साबण-पाण्याने धुवा. घासताना एन९५ मास्क हवाच.

हे सगळं बोर्डवर करायच्या आधी त्याच ब्लँकमधून उरलेल्या तुकड्यावर, त्याच खोलीत, त्याच वेळेला एकदा करून बघा, वीतभर तुकडा पुरे. तुकड्यावर भोकं आली तर बोर्डवर येणारच, आणि तुकडा वाया जायला काही लागत नाही.

बोर्ड पूर्ण झाला, फिनिश घासून झालं, तरी नजरेला न दिसणारे पिनहोल राहिलेले असू शकतात आणि ईपीएस पाणी पितो. म्हणून समुद्रात न्यायच्या आधी निदान आठवडाभर रेझिन पक्कं होऊ द्या, मग एअर व्हेंटचा (बोर्डमधली हवा बाहेर जायच्या छिद्राचा) स्क्रू घट्ट करा, बोर्ड सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं कोमट होऊ द्या आणि स्पंजने साबणाचं पाणी सगळीकडे लावा, विशेष लक्ष रेल (बोर्डच्या दोन्ही कडा), फिन बसवायच्या फिन बॉक्सच्या कडा आणि पायाची दोरी बांधायच्या लीश प्लगभोवती. जिथे बारीक बुडबुडे फुगत राहतील तिथे पेन्सिलने खूण करा, बोर्ड लगेच सावलीत घ्या, स्क्रू सैल करा, साबण धुवून टाका. वाळला की खुणेपुरतं घासून संध्याकाळी घट्ट इपॉक्सी दाबून भरा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्या खुणांवर साबणाचं पाणी परत एकदा लावून बघा.